प्रकल्प नोंदी : द्राक्ष पॅकहाऊस व प्रीकूलिंग, दिंडोरी तालुका (जून २०२४ – जानेवारी २०२५)

३ जून २०२४, सोमवार

मालक : शेतकरी उत्पादक कंपनी. आवाका ठरला तो असा. ७२० चौ.मी.चं पॅकहाऊस (२४ × ३० मी.), प्रत्येकी साडेसहा टनांच्या दोन प्रीकूलिंग खोल्या (काढलेला माल झटपट गार करायच्या), दोन कोल्ड रूम, निवड-पॅकिंगचा हॉल, एक लोडिंग डॉक. क्षमता दिवसाला एक ४० फुटी रीफर (शीत) कंटेनर, म्हणजे सुमारे १३ टन माल. दोन खोल्या साडेसहा टनांच्या का, तर दोन्ही मिळून एक कंटेनर भरतो. संचालकांपैकी काहींना २० टनांची एकच मोठी खोली हवी होती. ती स्वस्त पडते हे खरं, पण बंद पडली तर त्या दिवसाचा सगळा माल उघड्यावर येतो. शिवाय अर्धी भरलेली खोली थंड करायला वीज जवळपास तेवढीच जाते. दोन खोल्यांवर सह्या झाल्या.

आवाक्यात नसलेल्या गोष्टींची वेगळी यादी जोडली : बेदाणा शेड, ट्रकचा वजनकाटा, सोलर, कर्मचारी निवास. पुढच्या सहा महिन्यांत यांपैकी एखादी "आता काम चालूच आहे तर" म्हणून पुढे येणार. ती आली की तिचा खर्च आणि तिच्यामुळे लागणारे दिवस कागदावर मांडून मंडळासमोर ठेवायचे. साइटवर तोंडी होकार कोणीही द्यायचा नाही.

१० जून

वेळापत्रक उलटं बांधलं. शेवटची तारीख आपल्या हातात नाही, ती वेलीच्या हातात आहे. सभासदांच्या बागांची गोडी छाटणी (फळांसाठीची) २० सप्टेंबरपासून सुरू होते आणि छाटणीपासून साधारण १२० दिवसांनी काढणी. म्हणजे २० जानेवारीच्या आसपास पहिला माल दारात. यंत्रणा त्याच्या आठवडाभर आधी मालासकट तपासून झालेली हवी.

तिथून मागे यायचं. मालाची चाचणी १३ जानेवारी. नवीन काँक्रीटची खोली हळूहळू गार करायला दहा-बारा दिवस, म्हणजे डिसेंबरअखेर मशीन चालू. त्याआधी वीज, २० डिसेंबर. त्याआधी कोल्ड रूमच्या फरशीचे २८ दिवस, म्हणजे काँक्रीट १८ नोव्हेंबरपर्यंत पडलंच पाहिजे. छत त्याच्याही आधी, दिवाळीपूर्वी. स्टीलचा सांगाडा कारखान्यातून यायला आठ ते दहा आठवडे. रेफ्रिजरेशनला दहा ते बारा.

दोन धागे दिसतात. छत–पॅनल (थंड खोल्यांच्या इन्सुलेटेड भिंती)–फरशी हा एक, वीजजोडणी हा दुसरा. पहिल्यात आठ-दहा दिवसांची मोकळीक आहे, दुसऱ्यात किती आहे ते अर्ज केल्याशिवाय कळणार नाही. म्हणून वीजजोडणीचा अर्ज याच आठवड्यात, प्लिंथचीही (जोत्याचीही) वाट न पाहता. ८५ किलोवॅटची मागणी, २०० केव्हीएची स्वतंत्र डीपी (ट्रान्सफॉर्मर).

२४ जून

अंदाजपत्रक २ कोटी ४० लाख, जीएसटीसह. विभागणी लाखांत : बांधकाम व स्टील शेड ८५, पॅनल-इन्सुलेशन-दारं ३४, रेफ्रिजरेशन ५८, वीज (डीपी, केबल, पॅनल, जनरेटर) ३२, पॅकिंग हॉलची सामग्री १२, पाणी-सांडपाणी-अग्निसुरक्षा ५, राखीव १४.

जीएसटीसह का, ते नोंदवून ठेवतो, कारण हा प्रश्न दर बैठकीत येतो. इमारतीच्या बांधकामावर भरलेल्या कराचं क्रेडिट जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मुळे मिळतच नाही. यंत्रांवरचं मिळू शकतं, पण वापरायचं कुठे? ताज्या द्राक्षांवर कर नाही, शेतमालाच्या साठवणुकीवरही नाही, आणि निर्यातीच्या परताव्याचं सूत्र (नियम ८९(४)) यंत्रसामग्रीचं क्रेडिट मोजत नाही. नुसत्या रेफ्रिजरेशनच्या ५८ लाखांत पावणेनऊ लाखांच्या वर कर आहे. "तो परत मिळेल" असं धरून बनवलेलं अंदाजपत्रक डिसेंबरात फाटतं, नेमकं शेवटच्या बिलांच्या वेळी.

बांधकाम कामगार कल्याण उपकर १ टक्का बांधकामाच्या रकमेत धरला. हाही बऱ्याच अंदाजपत्रकांत नसतो.

जनरेटर : १ जुलैपासून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सीपीसीबी-४ प्लस मानकाचेच संच विकता येणार. जुन्या मानकाचा संच या आठवड्यात स्वस्तात देऊ करणारे दोन विक्रेते आले. जनरेटर बसायचा आहे डिसेंबरात. सहा महिने पावसात पडून राहणारा संच, त्याची वॉरंटी आजपासून चालू, आणि आपली भारयादी अजून पक्की नाही. घेतला नाही.

बँक : प्रकल्पाच्या ७० टक्के म्हणजे १६८ लाख मुदत कर्ज, ७२ लाख आपला हिस्सा. कृषी पायाभूत निधी योजनेतून (२ कोटींपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत, कमाल ७ वर्षं) अर्ज. आपला हिस्सा आधी खर्च झालेला दिसल्याशिवाय बँक पहिला हप्ता सोडत नाही. म्हणून ७२ लाख सभासदांकडून जमा कधी होणार, ही तारीखही वेळापत्रकात घातली, बांधकामाच्या कामांसारखीच.

८ जुलै

स्टील शेडची ऑर्डर गेली. ऑर्डर देताना एक अट : अँकर बोल्टचं (सांगाडा पायाला धरून ठेवणाऱ्या बोल्टचं) ड्रॉइंग १० दिवसांत, सांगाड्याचं संपूर्ण ड्रॉइंग नंतर चालेल. पायाचं काम बोल्टच्या ड्रॉइंगवाचून अडतं, बाकीच्यावाचून नाही.

बोल्टची नेहमीची गडबड अशी : पाया करतो गावचा ठेकेदार, सांगाडा येतो दुसरीकडून. उभारणीच्या दिवशी कळतं की बोल्ट दहा-पंधरा मिलिमीटर सरकलेत. मग साइटवर बेसप्लेटची भोकं गॅसने मोठी करतात किंवा बोल्ट तापवून वाकवतात. दोन्ही चालणार नाही. उपाय महाग नाही. शेड पुरवणाऱ्याकडूनच स्टीलचे टेम्पलेट मागवायचे, काँक्रीट टाकण्याआधी त्याच्याच माणसाने मोजून सही करायची (सहनशीलता ± ३ मि.मी.), काँक्रीट झाल्यावर दुसऱ्या दिवशी परत मोजायचं. वर्क ऑर्डरमध्ये हे दोन्ही बाजूंना लिहून दिलं. सही असली की "बोल्ट चुकले की प्लेट चुकली" हा वाद उरत नाही.

२२ जुलै

भराव. रीफर ट्रेलरच्या फळीची उंची लक्षात घेऊन डॉक अंगणापेक्षा १.२ मी. वर. अंगण ३० सेंमी खाली घेता येतं, म्हणून इमारतीखाली भर ९० सेंमी. त्याशिवाय खालची काळी माती ६० सेंमी काढून तिथेही मुरूम. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि कोल्ड रूमची फरशी एकदा हलली की इन्सुलेशन फाटतं. एकूण जाडी दीड मीटर × ७२० = १,०८० घनमीटर, म्हणजे ३८२ ब्रास दबलेला. मोकळा साधारण २५ टक्के जास्त, ४८० ब्रासच्या घरात.

पैसे ट्रिपवर द्यायचे नाहीत. ट्रिपवर दिले की ट्रॉलीची उंची रोज बदलते. भरावाआधी आणि नंतर लेव्हल घ्यायची, दबलेल्या घनमीटरवर बिल. दर थोडा जास्त पडला तरी परवडतं. थर २०० मि.मी.चे, प्रत्येक थराची घनता ९५ टक्के प्रॉक्टर (प्रयोगशाळेत मिळणाऱ्या कमाल घनतेच्या ९५ टक्के), रिपोर्ट जोडल्याशिवाय पुढचा थर नाही. गौण खनिजाच्या पावत्या ठेकेदाराने बिलासोबत लावायच्या. त्या नसतील तर तहसीलचा दंड जागेच्या मालकावर येतो.

डॉकसाठी भराव न करता ट्रकला खड्डा करावा, अशीही सूचना होती. पाच-सहा लाख वाचले असते. पण पावसाळ्यात त्या खड्ड्यात पाणी साचतं आणि पंपावर एक माणूस कायमचा लागतो. नाही म्हटलं.

पावसामुळे रोलर आठवड्यात तीन-साडेतीन दिवसच चालतोय. हे वेळापत्रकात धरलेलंच आहे.

५ ऑगस्ट

आतापर्यंतचा उशीर मजुरांमुळे नाही, उत्तरांमुळे आहे. दाराची रुंदी ठरली नाही म्हणून पॅनलचं ड्रॉइंग थांबलं. पॅनलचं ड्रॉइंग नाही म्हणून आतल्या गटारांची जागा ठरत नाही. गटार नाही म्हणून प्लिंथखालचे पाइप नाहीत. गवंडी बसून आहे, आणि हजेरीपत्रक बघणाऱ्याला वाटतं ठेकेदार ढिला आहे.

आजपासून निर्णय वही. चारच रकाने : काय ठरवायचं, कोणी, कोणत्या तारखेपर्यंत, नाही ठरलं तर काय थांबतं. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा. "दार १.५ मी. की २.१ मी. — अध्यक्ष — १० ऑगस्ट — प्लिंथखालचे पाइप थांबतात, रोज १४ माणसं बसून" असं लिहिलेलं असलं की निर्णय संध्याकाळपर्यंत येतो. (२.१ ठरलं. हातगाडीवरचं पॅलेट दीड मीटरच्या दारातून जातं, पण दोन्ही बाजूला पॅनल घासतं आणि एका हंगामात कडा उघडी पडते.)

सोमवारची बैठक पाऊण तास, उभ्याने. गेल्या आठवड्याची हकिकत सांगायची नाही, ती फोटोंत आहे. प्रत्येकाने एवढंच सांगायचं : पुढच्या तीन आठवड्यांत मला कोणाकडून काय हवं आहे. बैठकीचं इतिवृत्त त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर, पण निर्णय ई-मेलवर. व्हॉट्सअ‍ॅपवरचा "ओके" कशाला होता, हे तीन महिन्यांनी कोणालाच सांगता येत नाही.

१९ ऑगस्ट

पाया ७० टक्के. बँकेच्या अभियंत्याची भेट झाली, पहिला हप्ता सुटेल. बांधकाम ठेकेदाराचं दुसरं रनिंग बिल मोजमाप वहीवरून तपासून पास. ठेकेदार उद्यम नोंदणीत सूक्ष्म उद्योग आहे, त्यामुळे आयकराचं कलम ४३बी(एच) लागतं. करार लेखी असेल तर ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच धरता येतो. प्रत्येक पुरवठादाराचं उद्यम प्रमाणपत्र पहिल्याच बिलासोबत घ्यायचं ठरलं.

९ सप्टेंबर

रेफ्रिजरेशनची तीन कोटेशनं. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यांच्यात ११ लाखांचा फरक. मंडळाचा कल अर्थातच कमीकडे. फरक कुठे आहे ते उघडून पाहिलं.

आधी भार. साडेसहा टन माल २८ अंशांवरून २ अंशांवर आणायचा. ६,५०० किलो × ३.६५ × २६ = सुमारे ६.१७ लाख किलोज्यूल. सहा तासांत काढायची तर सरासरी साडेअठ्ठावीस किलोवॅट, म्हणजे ८ टीआर (टन रेफ्रिजरेशन, थंड करण्याच्या क्षमतेचं एकक). सर्वांत कमी कोटेशनने प्रति खोली १० टीआर धरलंय, "२५ टक्के जादा" असं म्हणून. पण द्राक्ष सरळ रेषेत थंड होत नाही. सुरुवातीला माल आणि हवा यांच्यातला फरक मोठा, उष्णता धो-धो बाहेर येते. दर दोन तासांनी तो फरक निम्मा होतो असं धरलं, तर पहिल्या तासाचा भार सरासरीच्या जवळपास दुप्पट निघतो. त्यात पंख्यांची उष्णता, दार उघडणं, खोक्यांची उष्णता. १० टीआरची खोली सहा तासांऐवजी नऊ-दहा तास घेईल. म्हणजे दिवसाला एकच घाणा (खोलीत एका वेळी थंड होणारा माल). हंगामाच्या भरात दोन लागतात. १५ टीआर हवंच.

दुसरा फरक कॉइलचा, आणि तो कोटेशनच्या पहिल्या पानावर दिसत नाही. खोलीचं तापमान आणि कॉइलमधल्या गॅसचं तापमान यांतला फरक स्वस्त कोटेशनमध्ये ८ अंश, महागात ५. फरक जास्त ठेवला की कॉइल लहान चालते, पैसे वाचतात. पण तेवढ्या गार कॉइलवर हवेतलं पाणी जास्त उतरतं. खोलीतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या खाली जाते आणि घडाचा देठ सुकतो. मणी टणक, गोड, रंग चांगला, पण देठ तपकिरी झालेला माल युरोपात पोहोचला की भाव पडतो. कोल्ड रूममध्ये दोन आठवडे माल ठेवायची वेळ आली की हा फरक पैशांत दिसतो, आणि तो ११ लाखांपेक्षा मोठा असतो.

तुलनेचा तक्ता नव्याने केला. सर्व पुरवठादारांना एकच पान दिलं : १५ टीआर प्रति खोली, कॉइलचा फरक ५ अंशांच्या आत, आर्द्रता ९०–९५ टक्के, सात-अष्टमांश थंडाई (माल आणि हवा यांच्यातल्या सुरुवातीच्या फरकापैकी सात-अष्टमांश कमी होणं) सहा तासांत, भरलेल्या खोलीत. त्यावर नवीन दर मागवले. सर्वांत कमी असलेला आता मधल्याच्या ९० हजार वर आहे.

१६ सप्टेंबर

रेफ्रिजरेशनची ऑर्डर सही झाली, मधल्या पुरवठादाराला. परवापासून पितृपक्ष, २ ऑक्टोबरपर्यंत. त्या काळात एवढी मोठी खरेदी संचालक करणार नाहीत, हे जूनमध्येच वेळापत्रकात लिहून ठेवलं होतं. घटस्थापनेला (३ ऑक्टोबर) सही झाली असती तर यंत्रं डिसेंबरअखेर आली असती आणि चाचणी थेट हंगामात.

पैशांचे टप्पे : २० टक्के आगाऊ, बँक हमीपत्रावर. ४० टक्के कारखान्यात यंत्रं तपासून माल निघताना. १५ टक्के साइटवर आल्यावर. १५ टक्के गॅस भरून रिकाम्या खोलीत चालल्यावर. ५ टक्के मालासह चाचणी झाल्यावर. शेवटचे ५ टक्के १५ एप्रिलला, हंगाम पार पडल्यावर. पुरवठादाराने विलंब दंड (आठवड्याला अर्धा टक्का, कमाल ५) लगेच मान्य केला. शेवटच्या ५ टक्क्यांवर मात्र दोन तास घासाघीस झाली. कशाची भीती खरी आहे ते त्यावरून कळतं. दंडाची कमाल रक्कम तीन लाखांच्या आत, एका कंटेनरचा माल त्याच्या कितीतरी पट. म्हणून दंडावर जोर न देता त्यांच्या तंत्रज्ञाने २० जानेवारीपासून तीन आठवडे साइटवर राहण्याची अट घातली.

३० सप्टेंबर

पैशांत प्रगती : आजपर्यंत व्हायला हवं होतं १०४ लाखांचं काम, झालंय ९१ लाखांचं, त्यासाठी खर्च ९४ लाख. वेळेचा निर्देशांक ०.८८ (९१ ÷ १०४), खर्चाचा ०.९७ (९१ ÷ ९४).

मंडळाला आकडे दिले, पण सोबत हेही लिहिलं की या आकड्यांवर निजू नये. डीपीच्या मीटरिंग क्युबिकलची (वीज मोजणाऱ्या कपाटाची) किंमत एकूण प्रकल्पाच्या दीड-दोन टक्के, ते आलं नाही तर निर्देशांक ०.९८ दाखवत असतानाही सगळं अंधारात. उलट पॅकिंग हॉलचा रंग राहिला तर आकडा खाली दिसतो आणि कुणाचं काही अडत नाही. पैशांच्या निर्देशांकाबरोबर दर आठवड्याला दोन्ही धाग्यांवर उरलेल्या मोकळिकीचे दिवस लिहायचे. आज : छताच्या धाग्यावर ४ दिवस, विजेच्या धाग्यावर ७.

१४ ऑक्टोबर

सभासदांच्या छाटणीची नोंदवही मिळाली. सर्वांत आधीची छाटणी २५ सप्टेंबर, १२० दिवस धरले तर २३ जानेवारी. जूनचा अंदाज तीन दिवसांनी बदलला, चाचणीची तारीख हलवलेली नाही. परतीच्या पावसाने दोन दिवस गेले, सांगाड्याची उभारणी चालू. बोल्ट सर्व बसले.

बदल पत्र क्र. ४ : वजनकाटा. अपेक्षेप्रमाणे आला. ९ लाख आणि अंगणाच्या काँक्रीटला तीन आठवडे उशीर, असं लिहून मंडळापुढे ठेवलं. पुढच्या वर्षावर गेला. राखीव १४ लाखांपैकी ५.२ लाख वापरले, कशावर ते प्रत्येक बदल पत्रावर आहे.

२८ ऑक्टोबर

दिवाळीची मजूर योजना. लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबर, भाऊबीज ३, छठ ७. स्थानिक गवंडी भाऊबीजेनंतर येतील. पॅनल आणि वेल्डिंगवाले बहुतेक बिहार-उत्तर प्रदेशचे, ते छठनंतर निघणार आणि रेल्वेची तिकिटं मिळतील तसे येणार, म्हणजे १२–१४ नोव्हेंबर. त्यांना "लवकर या" सांगून उपयोग नाही. दोन गोष्टी केल्या. छताचे पत्रे ३० तारखेच्या आत, काहीही झालं तरी, कारण मधल्या काळात पाऊस आला तरी आतलं काम ओलं होत नाही. आणि ३ ते १२ नोव्हेंबरच्या काळात स्थानिक गवंड्यांना पुरेल एवढं काम बाजूला ठेवलं : आतलं पीसीसी (साधं काँक्रीट), गटारं, डॉकची भिंत, स्वच्छतागृहं. बोनस मुकादमाच्या हातात न देता अर्धा आता, अर्धा १४ नोव्हेंबरला हजर असणाऱ्यांना.

११ नोव्हेंबर

पॅनलचा माल आला, १०० मि.मी. पफ (पॉलियुरेथेन फोम), घनता ४० किलो प्रति घनमीटर. ट्रकवरच तपासलं : एका पॅनलचा तुकडा मोजून तोलला, कॅमलॉक (पॅनल एकमेकांना जोडणारी कुलपं) फिरवून पाहिले, सहा पॅनलच्या कडा दबलेल्या निघाल्या. त्या चलनावर लिहून चालकाची सही घेतली. उतरवून घेतल्यावर केलेली तक्रार कोणी ऐकत नाही.

१८ नोव्हेंबर

कोल्ड रूमच्या फरशीचं काँक्रीट. खालून वर : पीसीसी, बाष्परोधक पडदा, ५० मि.मी. पफचे दोन थर (सांधे एकमेकांवर येऊ न देता), पॉलिथीन, जाळीसह १०० मि.मी. एम-२५ दर्जाचं काँक्रीट. पडदा नेहमी उष्ण बाजूला, म्हणजे इथे खाली. गवंडी तो सवयीने इन्सुलेशनच्या वर टाकतात, मग जमिनीतली ओल पफमध्ये शिरते आणि दोन वर्षांत त्याचा इन्सुलेशन म्हणून उपयोग संपतो. प्रत्येक थराचा फोटो पट्टी ठेवून काढला. हे काम एकदा झाकलं की पुन्हा दिसत नाही.

२० तारखेला विधानसभेचं मतदान, पगारी सुट्टी. पाणी मारायला दोघांची पाळी आधीच लावली. या आठवड्यात फरशी सुकली तर २८ दिवसांचा हिशेब वाया.

९ डिसेंबर

यंत्रं जागेवर, पाइपिंग पूर्ण. गळती पाहायला नायट्रोजनचा दाब रात्रभर ठेवला. संध्याकाळी ३५ अंशांना २० बार, सकाळी २० अंशांना १९. एक बार कमी दिसला म्हणून पाइपवाल्याने सगळे सांधे पुन्हा तपासायला घेतले. आधी गणित (वातावरणाचा १ बार धरून, तापमान केल्विनमध्ये) : (२० + १) × २९३ ÷ ३०८ = १९.९८, त्यातून १ वजा, १८.९८ बार. थंडीने तेवढाच उतरायला हवा. गळती नाही. यापुढे दाबाच्या नोंदीत तापमान लिहिल्याशिवाय नोंद धरली जाणार नाही.

ब्रेझिंग (पाइपचे सांधे तापवून जोडणं) करताना पाइपमधून नायट्रोजन सोडतात का, हे अधूनमधून अचानक जाऊन बघायचं. न सोडता केलेला सांधा बाहेरून सुंदर दिसतो, आत काळी खपली धरते आणि हंगामाच्या मध्यावर एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये अडकते.

वीज : डीपी बसली, विद्युत निरीक्षकांची तपासणी १३ तारखेला. मोकळीक ४ दिवस.

२३ डिसेंबर

वीज १९ तारखेला आली. गॅस भरण्याआधी पाइपांत व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनपर्यंत. पंप बंद केल्यावर आकडा थोडा चढून थांबला तर ओल, चढतच राहिला तर गळती. पहिल्या खोलीत थांबला १,१०० वर. पुन्हा ओढला, पंप रात्रभर, आता ठीक. गॅस भरला.

६ जानेवारी २०२५

२८ डिसेंबरपासून खोल्या गार करणं चालू आहे, दिवसाला ३ अंश. आज ४ अंशांवर थांबवल्या, दोन दिवस तशाच. एका संचालकाचा रोजचा प्रश्न : यंत्रं चालू आहेत तर शून्यावर का नेत नाही? घाईने नेलं तर फरशीत उरलेली ओल आणि काँक्रीटचं आकसणं मिळून कोपऱ्यांत तडे जातात, दाराच्या उंबऱ्याला सर्वांत आधी. ८ तारखेला ०.५ वर.

अपेडाची (शेतमाल निर्यातीच्या केंद्रीय प्राधिकरणाची) पॅकहाऊस मान्यता प्रलंबित. ती नसेल तर युरोपचा माल ग्रेपनेटवर (अपेडाच्या द्राक्ष-नोंदणीच्या ऑनलाइन यंत्रणेवर) पुढे सरकत नाही. हात धुण्याची जागा, कीटकजाळ्या, दिव्यांची आवरणं, पॅकिंगच्या वजनकाट्यांचं प्रमाणीकरण, हे सगळं तपासणीच्या आधी आपणच त्यांच्या यादीवरून एकदा तपासलं. तीन दिव्यांना आवरण नव्हतं.

१३ जानेवारी

मालासह चाचणी. सभासदांच्या बागा अजून दहा दिवस दूर, म्हणून बागलाणातून अर्ली छाटणीचा ६.३ टन माल घेतला, स्थानिक बाजारासाठीचा. आठ खोक्यांत मण्यात सुई घालून तापमान. सुरुवात २४ अंश, हवा ०.५. सात-अष्टमांश म्हणजे ३.४ अंश. सहा सुया ५ तास ४० मिनिटांत पोहोचल्या. मागच्या रांगेतल्या, वरच्या दोन सुयांना साडेसात तास लागले.

यंत्राचा दोष नव्हता. थप्पीवर टाकलेली ताडपत्री आणि वरची खोकी यांच्यात चार बोटांची फट होती, हवा खोक्यांतून न जाता तिथून निसटत होती. शिवाय मागच्या रांगेत खोकी आडवी-उभी मिसळून रचलेली, त्यामुळे भोकाला भोक येत नव्हतं. फोमची पट्टी लावली, पॅलेटवर खोकी रचायचा एकच नमुना ठरवून त्याचा फोटो भिंतीवर लावला, दुसरा घाणा घेतला : सर्वांत हळू सुई ६ तास १० मिनिटं. अटीत सहा तास आहे. १० मिनिटांसाठी ५ टक्के अडवायचे का? नाही. पण पंख्याचा वेग एका पायरीने वाढवून परत मोजायचं, असं लिहून मगच रक्कम सोडली.

२७ जानेवारी

मान्यता मिळाली. २४ तारखेपासून माल चालू. राहिलेली कामं १७, त्यांतली मालाला भिडणारी तीनच : डॉकच्या रबरी पट्ट्या, दुसऱ्या प्रीकूलिंगच्या दाराचा हीटर (कडेला बर्फ धरतोय), जनरेटर आपोआप चालू होण्याचा क्रम. जनरेटरवर दोन्ही कॉम्प्रेसर एकदम उचलले तर संच बसतो. टायमरने ४० सेकंदांचं अंतर टाकायचं, तोपर्यंत रात्रपाळीच्या ऑपरेटरने दुसरा कॉम्प्रेसर हाताने चालू करायचा. सूचना विजेच्या पॅनलच्या दारावर मराठीत आणि हिंदीत चिकटवली.

राखीव १४ पैकी ११.६ लाख वापरले. बांधकाम ठेकेदाराचं अंतिम बिल ८ फेब्रुवारीपर्यंत, ४५ दिवसांची मुदत तिथून मोजायची. रंग, अंगणाचं उरलेलं काँक्रीट, कुंपण मे महिन्यात. हंगामात साइटवर सिमेंटची गाडी येऊ द्यायची नाही, धूळ पॅकिंग हॉलमध्ये जाते.